इटलीच्या चीजला हळद

गेल्या हिवाळ्यात मी एका इटालियन चीजला हळद लावली. खोका उघडला, मेणकागद सोडवला आणि दोन वर्षं मुरलेल्या, अर्धं जग ओलांडून आलेल्या त्या तुकड्याच्या भेगेत चिमूटभर हळद दाबून भरली. मग पुन्हा चिकटपट्टी लावून खोका कुरियरवाल्याच्या हातात दिला. वर त्याला ऑस्ट्रेलियन थाटात ‘थँक्यू, मेट’ असंही म्हटलं.

तेव्हा मी लहान होते. अवघी एकोणसत्तर वर्षांची.

आता सत्तरी ओलांडल्यावर त्या पोरीचं हसू येतं. पण त्या दिवसांत हसण्यासारखं काही नव्हतं, आणि असलं तरी हसायला जागा कुठे होती?

माझा मुलगा फूड टेक्नॉलॉजी शिकायला मेलबर्नला आला आणि शिकून झाल्यावर डँडेनॉन्गमधल्या एका छोट्या कंपनीत लागला. कंपनी इटलीहून चीज आणते आणि इथल्या दुकानांना, हॉटेलांना पुरवते. त्याचं काम कागदांचं. कुठल्या गोठ्यातलं दूध, किती तापवलं, किती मुरवलं, हे सगळं सरकारला पटवून कंटेनर सोडवून आणायचे. त्याचा व्हिसा याच कंपनीने काढलेला. नोकरी असेल तोवर तो इथे. नोकरी गेली की मुदतीत दुसरी शोधा, नाहीतर चंबूगबाळं आवरा. पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहायचा, अर्ज करायला अजून काही महिने बाकी होते. गाईला दाव्याने खुंट्याला बांधतात ना, तसं. दावं लांब होतं, गवत हिरवं होतं, पण खुंटा खुंटाच.

आणि मी? मी त्याच दाव्याला बांधलेलं वासरू, उलट्या वयाचं. ह्यांच्यामागे पुण्यातलं घर मोठं व्हायला लागलं म्हणून मुलाकडे आलेली. क्रेगीबर्नमधली आमची गल्ली पुढे बंद होते. सकाळी सून आणि मुलगा गाडीतून गेले की मी त्या गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायची, तिथल्या कुंपणाला हात लावायची आणि परत यायची. पुण्यात मी स्कूटरवरून लकडी पूल ओलांडून बँकेत जायची, चार माणसांना सही करायला ताटकळत ठेवायची. इथे बसचं वेळापत्रक मलाच ताटकळत ठेवायचं.

त्यात इटलीत गुरांना लम्पी निघाला.

लम्पी मला माहीत होता. आपल्याकडे आला तेव्हा सांगलीकडच्या माझ्या मावसबहिणीची गाय अंगभर सुपारीएवढ्या गाठी घेऊन बसून राहिली होती. माणसाला तो रोग होत नाही, पण सरहद्दीला होतो. इथल्या गुरांमध्ये तो नाही, आणि येऊ नये म्हणून इटलीहून येणाऱ्या दुधदुभत्याचे नियम बदलले. कुठलं चीज चालेल, कुठलं अडेल, कुठल्या तारखेच्या दुधाचं, कोणाच्या सहीने, याचा रोज नवा खुलासा. बंदरावर कंटेनर थांबले. मुलगा घरी यायचा तोही त्या कंटेनरसारखाच, आतून गार आणि दार बंद.

जेवताना तेवढा तो थोडा बोलायचा. एकदा म्हणाला, “आई, गंमत माहितीये? इटलीवाले म्हणतात, चीजचं नाव आमच्या गावाचं आहे, इथे कोणी वापरायचं नाही. आणि इथले चीजवाले म्हणतात, आमचे आजोबा बोटीतून येताना ती कला आणि ते नाव दोन्ही घेऊन आले, आता सोडणार नाही. वर्षानुवर्षं भांडतायत.”

मी म्हटलं, “तिकडच्याच कुठल्या फॅशनवाल्यांनी आपली कोल्हापुरी चप्पल मिरवली तेव्हा नाव घ्यायला विसरले होते. तेव्हा कुठे गेलं होतं गाव?”

तो बऱ्याच दिवसांनी हसला. त्या हसण्यासाठी मी इटलीच्या संपूर्ण दुग्धव्यवसायाशी भांडायला तयार होते.

मग तो खोका घरी आला. इथल्या एका मोठ्या सुपरमार्केटच्या सिडनीतल्या खरेदी अधिकाऱ्याला ते चीज चाखून बघायचं होतं. पसंत पडलं तर नाताळच्या आधी देशभरातल्या दुकानांत लागणार. चीज करणारी इटलीतली एक बाई, छोट्या डेअरीची मालकीण. अमेरिकेने आयात शुल्क वाढवल्यामुळे तिचं तिकडचं गिऱ्हाईक आटलेलं. तिला ही ऑर्डर हवी होती. माझ्या मुलाच्या मालकाला हवी होती. आणि मुलाला तर हवीच होती, कारण अडलेल्या कंटेनरांमुळे मालक ‘माणसं कमी करावी लागतील’ असं बोलून गेला होता. बोलताना तो माझ्या मुलाकडे बघत होता की भिंतीकडे, यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा चालली.

गोदामात चांगल्या स्थितीत उरलेला हा शेवटचा मोठा तुकडा. आमच्या घरापासून विमानतळ जवळ, म्हणून मुलाने खोका घरी आणून फ्रीजमध्ये ठेवला.

“आई, दुपारी चारच्या सुमाराला कुरियरवाला येईल. मी बंदरावर असेन. फ्रीजमधला खोका काढून दे, बस. उघडू नकोस.”

“मी कशाला उघडू? मला काय त्या वासाचं वेड लागलंय?”

कुरियरवाला चारला आला नाही. आणि मेलबर्नचा जुलै असा की पाचलाच अंधारायला लागतं. पुण्यात पाच म्हणजे चहाची वेळ. इथे पाच म्हणजे दिवेलागण. मी स्मोक अलार्मच्या भीतीने एकच बारीक वात लावली, हात जोडले, आणि बेल वाजली.

आता सासूबाईंना मध्ये आणावं लागेल. त्यांचा दंडक होता की दिवा लागला की दूध, दही, ताक, विरजण, काही म्हणजे काही पांढरं उंबऱ्याबाहेर द्यायचं नाही. लक्ष्मी त्याच्यामागून चालू लागते. अगदीच नड असेल तर त्यात हळदीची चिमूट घालून द्यायचं. नवी नवरी असताना मी या दंडकाला पदराआड हसायची. सासूबाई जपाला बसल्या की शेजारणीला खुशाल वाटीभर विरजण द्यायची, बिनहळदीचं. मी शिकलेली होते ना! पुढे बँकेत अधिकारी झाल्यावर तर लक्ष्मी कुठून येते आणि कुठे जाते हे मला रोज दिसत होतं. ती संध्याकाळच्या विरजणामागून जाताना मी कधी बघितली नाही.

पण परदेशी आल्यावर कोण जाणे काय होतं. ज्या रीती मी पुण्यात टाकून आले होते त्या सगळ्या माझ्या आधी क्रेगीबर्नला येऊन बसल्या होत्या. शनिवारी नखं कापेनाशी झाले. कोणी निघालं की ‘कुठे’ विचारेनाशी झाले. दिवसभर घरात एकटं बसलेल्या माणसाला कशावर तरी जोर चालवावासा वाटतो. मुलाच्या नोकरीवर माझा जोर चालत नव्हता, व्हिसावर चालत नव्हता, इटलीतल्या गाईंवर चालत नव्हता. हळदीच्या डब्यावर चालत होता.

दारात कुरियरवाला उभा. मागे गाडी चालू. माझ्या हातात खोका, खोक्यात मुलाची नोकरी, आणि देवापुढे दिवा लागलेला.

“वन मिनिट,” म्हटलं आणि दार लोटलं.

खोक्यावर वरून हळदीचं बोट लावता आलं असतं. पण ती एकोणसत्तर वर्षांची पोरगी भारी काटेकोर. वरवर लावलेलं देवाला चालत नाही म्हणे! चाकूने पट्टी कापली, बर्फाच्या पिशव्या बाजूला केल्या, मेणकागद उलगडला. तूप कढवल्यावर उरलेल्या बेरीसारखा वास आला, आणि त्यामागे घोंगडीचा. भेगेत हळद भरली. ‘पोराचं काम होऊ दे’ म्हटलं. सगळं जिथल्या तिथे ठेवलं. बँकेत पाकिटं सीलबंद केलेला हात आहे माझा. पट्टी अशी लावली की कंपनीलाही जमली नसती.

गाडी गल्लीतून वळून गेली तेव्हा मला काय शांत वाटलं म्हणून सांगू. वाटलं, आपणही काहीतरी केलं.

पुढच्या आठवड्यात मुलगा घरी आला आणि बूट न काढता तसाच खुर्चीवर बसला. सिडनीहून फोटो आला होता. त्याने फोन सुनेपुढे धरला.

“बुरशी. पिवळी. मी आयुष्यात अशी बुरशी बघितली नाहीये. आत भेगेत शिरलीये. रोगाची एवढी बोंब चालू असताना त्या अधिकाऱ्याने आपला माल उघडला आणि हे!”

सुनेने फोटो मोठा करून पाहिला. मग मला विचारलं, “आई, खोका मध्ये कोणी उघडला तर नव्हता ना?”

तोंडात मटकीची उसळ होती. ती गिळायला लागला तेवढा वेळ माझ्याकडे खरं बोलायला होता.

“कुरियरवाल्याने काही केलं असेल तर कोण जाणे,” मी म्हणाले.

बास. तिथे माझं दार बंद झालं. हळद लावणं हा मूर्खपणा होता, त्याला माफी मिळाली असती. हे वाक्य मूर्खपणाचं नव्हतं. पहिल्या दिवशी जे सांगायला एक मिनिट लागलं असतं ते दुसऱ्या दिवशी सांगायचं तर आधी त्या वाक्याचं काय करायचं ते ठरवावं लागणार होतं. तिसऱ्या दिवशी मुलाने सांगितलं की तो तुकडा प्रयोगशाळेत पाठवतील, आणि चूक गोदामातली निघाली तर जबाबदारी त्याची. मी त्याच्यापुढे पोळी ठेवली. तो पोळीकडे बघत म्हणाला, “घरी आणायलाच नको होता मी. माझीच चूक.”

मी गल्लीच्या टोकाशी जायची, कुंपणाला हात लावायची, ‘आज सांगते’ म्हणायची आणि परत यायची. कुंपणाने किती वेळा ऐकलं असेल!

आणि मी हळद बंद केली. खरंच. स्वयंपाकात हळद टाकायला हातच धजेना. वाटायचं, वरण पिवळं दिसलं की हे दोघं फोटो आठवतील. आठवडाभर घरात दहीभात, साबुदाणा, पांढरं वरण.

सून म्हणाली, “आई, वरण असं का? हळद संपलीये का?”

“पोटाला हलकं असतं.”

“कोणाच्या?”

ही माझी सून. तिने पुढे काही विचारलं नाही, आणि मला तेच जास्त जाचायला लागलं.

मग तो व्हिडिओ कॉल आला. इथली संध्याकाळ म्हणजे इटलीतली सकाळ, म्हणून मुलगा जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप मांडून बसला. इथल्या घरांत स्वयंपाकघराला दार नसतं. ओट्याशी मी आमटीला फोडणी द्यायला उभी, पाठीमागे सगळं जग. निसटायला जागा नाही.

पडद्यावर एका चौकटीत मालक. जन्म इथला, बाप इटलीचा; मुलाशी इंग्रजीत बोलायचा आणि भांडायची वेळ आली की इटालियनमध्ये जायचा. दुसऱ्या चौकटीत ती चीजवाली बाई, चष्मा डोक्यावर, स्वेटरच्या बाह्या वर केलेल्या. ती तावातावाने बोलत होती. मालक मध्येमध्ये मुलाला सांगत होता, “मेट, ती म्हणतेय की तिच्या घराण्यात तीन पिढ्यांत अशी बुरशी कोणी बघितलेली नाही. तिच्या मुरवायच्या खोलीत काम करणाऱ्या माणसाला बोलावतेय.”

तो माणूस आला. दाढी पांढरी, डोक्यावर फिकट निळी पगडी, पायांत गमबूट आणि अंगात रबरी एप्रन. मुलगा मागे एकदा म्हणाला होता की इटलीच्या त्या भागात गोठ्यांतून आपले पंजाबी लोकच धारा काढतात. मला वाटलं होतं मला हसवायला सांगतोय. त्या बाईने त्याच्यापुढे फोटो धरला. त्याने डोळे बारीक केले, जवळ घेतला, आणि स्वतःशीच म्हणाला,

“ओए, ये तो हल्दी है.”

माझ्या हातातला डाव तिथेच थांबला.

मग त्याने बाईला इटालियनमध्ये सांगितलं. हळदीला तिकडे कुर्कुमा म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. बाईने त्याच्या हातातून फोटो परत घेतला. तिने त्याच्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग ती जे बोलायला लागली ते समजायला इटालियन यावं लागत नव्हतं. तिच्या अख्ख्या डेअरीत हळद कोणाकडे असणार? एकाच माणसाच्या डब्यात. बिचाऱ्याने ओळखली, तीच त्याला भोवली. तो दोन्ही हात पुढे करून दाखवत होता, धुतलेले, लाल झालेले हात. बाई मान हलवत होती.

मालक माझ्या मुलाला म्हणाला, “सुटलो आपण, मेट. चूक तिकडची निघाली. ती म्हणतेय, याला आजच काढते.”

मुलाने खुर्चीला पाठ टेकली. कितीतरी दिवसांनी टेकली. मी ती पाठ मागून बघितली.

खरं सांगते, क्षणभर मीही टेकले. सुटले! पोरगा सुटला, मी सुटले, प्रयोगशाळेला काय हवं ते म्हणू दे. इटली किती लांब. त्या माणसाला मी कधी भेटणार नव्हते. तेलात मोहरी तडतडली, हिंग टाकला, आणि सवयीने हात पुढच्या डब्याकडे गेला. हळदीच्या. आठवडाभर न उघडलेला डबा.

तो तसाच हातात घेऊन मी टेबलाशी गेले आणि मुलाच्या खांद्यावरून वाकून पडद्यापुढे धरला.

“भाईसाब,” मी म्हटलं, “हल्दी मैंने डाली. आपका कोई कसूर नहीं है.”

मुलगा म्हणाला, “आई?”

पगडीवाला जवळ आला, इतका की पडद्यावर नुसती दाढी. “आपने? कहाँ डाली, माताजी?”

“यहाँ. ऑस्ट्रेलिया में. शाम हो गई थी, दिया लग गया था, और दूध का सामान घर से बाहर जा रहा था. तो मैंने डाल दी. बेटे की नौकरी के लिए.”

तो मागे सरकला. मग वळून बाईला समजावायला लागला. माझी चार वाक्यं इटालियनमध्ये फारच लांबली. त्याने दिवा दाखवला, दार दाखवलं, आकाश दाखवलं. बाईने चष्मा डोळ्यांवर ओढून माझ्याकडे बघितलं, म्हणजे डब्याकडे. मालकाने दोन्ही हातांत तोंड झाकलं. रडतोय की हसतोय ते कळायला मार्ग नव्हता. बाई पगडीवाल्याला काहीतरी म्हणाली, अगदी हळू. तो नुसता मान खाली घालून उभा राहिला. मग तिने त्याच्या एप्रनचा सुटलेला बंद ओढून मागे नीट बांधला, आणि चौकट काळी झाली.

आमच्या घरात त्यानंतर करपलेल्या हिंगाचा वास.

“मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?” सून म्हणाली.

“भ्यायले.”

“कोणाला? आम्हाला?”

मी वळून करपलेली फोडणी सिंकमध्ये ओतली.

मुलगा चार दिवस माझ्याशी ‘आमटी वाढ’ याच्यापलीकडे बोलला नाही. ती ऑर्डर गेलीच. सुपरमार्केटने इथेच, ऑस्ट्रेलियात बनलेलं, इटालियन नावाचं चीज घेतलं. मालकाने मुलाला काढलं नाही. माया नव्हे, अडलेल्या कंटेनरांचे कागद माझ्या मुलाशिवाय कोणालाच उलगडत नव्हते. मुलाला मालक सोडता येईना, मालकाला मुलगा काढता येईना. दोघं एकाच खुंट्याला. आजही आहेत. मी अजून गल्लीच्या टोकापर्यंत जाते, कुंपणाला हात लावते आणि परत येते. फक्त आता वरण पिवळं असतं.

इथला वसंत सुरू झाल्यावर, कंटेनर एकेक करून सुटायला लागले तेव्हा, एका संध्याकाळी मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. इटलीहून मालकाकडे आणि मालकाकडून त्याच्याकडे एक आवाजी निरोप आला होता, माझ्यासाठी. म्हणाला, “तुझ्या त्या भाईसाबांचा आहे. कामावर आहेत अजून, काळजी करू नकोस.” आणि त्याने फोन माझ्या कानाशी धरला. मागे गाई हंबरत होत्या, बादल्या वाजत होत्या. त्या गोंगाटात तो माणूस, कोणी ऐकू नये अशा दबक्या आवाजात, म्हणत होता:

“माताजी, अगली बार हल्दी मत डालना. चीनी का एक दाना डालना. दिखता नहीं.”